एकच नाव, एकदाच : दामोदर धर्मानंद कोसंबी

थोरामोठ्यांचं चरित्र आलं की मॅगझिनचं पान आपण पटकन उलटतो. जन्म, शिक्षण, कार्य, निधन आणि शेवटी सगळ्यांनी प्रेरणा घ्यावी अशी एक ओळ! मीही उलटते. त्यामुळे आधीच सांगून टाकते, हे चरित्र थोडं वेगळ्या दारातून सुरू होणार आहे. आपल्या लॅबच्या दारातून. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा भाषेचं काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉम्प्युटर ब्रँचला लिस्प शिकावी लागते. इतर ब्रँचच्या लोकांसाठी सांगते, लिस्प म्हणजे याद्यांची भाषा. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एमआयटीमध्ये ती सुरू केली. डेटा म्हणजे यादी, आणि प्रोग्राम म्हणजेही यादीच. सुरुवातीला फक्त कंस दिसतात आणि डोकं दुखतं. पण तिच्यात पुशन्यू नावाची एक छान सोय आहे. यादीत नवीन गोष्ट घाल, पण ती आधीच असेल तर घालू नकोस, एवढंच तिचं काम. मेसच्या रजिस्टरसारखं, एका माणसाचं नाव एकदाच. ॲडजॉइन हे तिचंच भावंड. ॲडजॉइन मूळ यादीला हात लावत नाही, नवी यादी आपल्या हातात देतं. पुशन्यू मात्र ती नवी यादी जुनीच्या नावावर चढवून ठेवते.

आता यातली मेख बघा. आधीच आहे म्हणजे काय? परभणी हा शब्द स्ट्रिंग म्हणून यादीत घाला. पुन्हा एकदा टाइप करून घाला. यादीत दोन परभणी! कारण आपण काही सांगितलं नाही तर लिस्प ईक्यूएल नावाची कसोटी लावते. स्ट्रिंगच्या बाबतीत या कसोटीला अक्षरं दिसतच नाहीत, मेमरीतली वस्तू तीच आहे का एवढंच ती बघते. ईक्वल ही कसोटी लाव असं सांगितलं, की अक्षरं ताडून पाहिली जातात आणि दुसरी परभणी बाहेर राहते. ईक्वलपी सांगितली तर इंग्रजीतलं कॅपिटल आणि स्मॉलसुद्धा एकच धरलं जातं. म्हणजे माल तोच, यादी तीच, पण कसोटी बदलली की यादीची लांबी बदलते!

हे समजलं तेव्हा मला वाटलं, हा फक्त संगणकाचा प्रश्न नाही. दोन गोष्टी एकच आहेत हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. आणि आपल्याकडच्या एका गणितज्ञाने तो कागद, पेन्सिल आणि तराजू घेऊन आयुष्यभर सोडवला. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील धर्मानंद कोसंबी हे स्वतःच एक मोठं प्रकरण! बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून हा माणूस घर सोडून निघाला आणि पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असं करत पाली भाषेचा पंडित झाला. पुढे त्यांनी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. बौद्ध ग्रंथ विशुद्धिमार्ग याच्या संपादनासाठी त्यांना हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं, आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. शाळा तिथेच, केंब्रिज शहरात. म्हणजे ज्या शहरात पुढे लिस्प जन्मली, त्याच शहरात हा मुलगा वाढला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी उत्तम गुणांनी घेतली. विषय गणित, आणि जोडीला फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा.

आपल्यातला कोणी असता तर तिथेच राहिला असता. कोसंबी परत आले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग १९३१ पासून अलिगढ. अलिगढला तेव्हा आंद्रे वेल नावाचे तरुण फ्रेंच गणितज्ञ होते, जे पुढे विसाव्या शतकातल्या फार मोठ्या गणितज्ञांत गणले गेले. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक खोडी काढली. बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयावर त्यांनी गंभीर चेहऱ्याने शोधनिबंध लिहिला आणि तो छापूनही आला! काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बूर्बाकी या टोपणनावाने गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले आणि ते नाव जगभर गाजलं. गणिताच्या छापील निबंधात मात्र ते आधी आलं ते आपल्या कोसंबींच्या हातून.

१९३३ मध्ये ते फर्ग्युसनला आले आणि बारा वर्षं तिथे गणित शिकवलं. त्यांच्या आयुष्यातलं, माझ्या मते सगळ्यात इंजिनिअरिंगचं काम पुण्याच्या याच वर्षांत सुरू झालं. गंमत म्हणजे ते काम संस्कृतचं आहे.

कोसंबींना संस्कृत नीट शिकायचं होतं. वाचायला घेतली भर्तृहरीची शतकं. नीतिशतक, शृंगारशतक आणि वैराग्यशतक, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांचे तीन संच. मराठीत वामन पंडितांनी त्यांचं समश्लोकी भाषांतर केलेलं आहे, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी यातली दोन-चार सुभाषितं तरी पाठ केलेली असतात. आता तीन शतकं म्हणजे तीनशे श्लोक, हे गणित तिसरीतल्या मुलालाही येईल. पण एका पोथीतले तीनशे आणि दुसऱ्या पोथीतले तीनशे हे तेच तीनशे नव्हते! कुठे क्रम वेगळा, कुठे शब्द वेगळे, कुठे भलताच श्लोक आत शिरलेला, तर कुठे इथला श्लोक पंचतंत्रात किंवा शाकुंतलात सापडतो. मग भर्तृहरीचे श्लोक कोणते आणि किती?

इथे मला आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची आठवण येते. जनाबाईचे अभंग आपल्या जिल्ह्यात गोदाकाठच्या गावोगावी बायकांना तोंडपाठ असतात. माझी आजी म्हणते त्या अभंगात आणि छापील गाथेत चार शब्दांचा फरक आहे. आजीला विचारलं तर ती म्हणेल, अगं तोच की! लिस्पच्या ईक्वलला विचारलं तर तो म्हणेल, दोन वेगळे अभंग. दोघंही आपापल्या कसोटीने बरोबर आहेत. कोसंबींच्या पुढे हाच प्रश्न होता, फक्त तो सगळ्या देशभर पसरलेला होता.

पुण्यात तेव्हा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर हेही मूळचे गणिताचेच विद्यार्थी. ही पद्धत कोसंबींनी भर्तृहरीला लावली. उत्तरेच्या पोथ्या, दक्षिणेच्या पोथ्या, वेगवेगळ्या लिप्या. बघता बघता ३७७ हस्तलिखितं जमली.

पोथ्या ताडायची पद्धत समजायला हॉस्टेलसारखी जागा नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉमन हॉलमध्ये काय चालतं ते मुलांना माहीत आहे आणि, खरं सांगायचं तर, स्टाफलाही माहीत आहे. समजा साठ जर्नल जमा झाली आणि त्यातल्या चौदांमध्ये रेझिस्टन्सचं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलंय. तर ती चौदाही एकाच जर्नलची पिल्लं आहेत, हे सर चष्मा न लावताही ओळखतात. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. सारखी चूक मात्र वंश सांगते. जुन्या पोथ्यांचंही असंच. नकलणाऱ्याने एक अक्षर चुकवलं की त्याच्यावरून पुढे झालेल्या सगळ्या नकलांत ती चूक उतरते. अशा सारख्या पाठांवरून पोथ्यांची घराणी लावायची आणि मागे मागे जायचं. भर्तृहरीचं दुखणं असं, की लोकांना तो इतका आवडायचा की नकलणारे ऐकीव श्लोकही भर घालून टाकायचे.

आता जरा हिशोब करू. अखेर कोसंबींच्या यादीत ८५२ श्लोक झाले. पुशन्यूच्या पद्धतीने ही यादी करायची तर प्रत्येक नवा श्लोक आधीच्या सगळ्यांशी ताडायचा. पहिल्याला तुलना शून्य, दुसऱ्याला एक, असं करत शेवटच्याला ८५१. बेरीज होते ३,६२,५२६. आणि ही नुसती नवीन श्लोकांची! पोथ्यापोथ्यांत पुन्हा पुन्हा येणारा तोच श्लोक प्रत्येक वेळी ओळखायचा, तो हिशोब वेगळाच. म्हणून संस्कृत पंडित फार पूर्वीपासून श्लोकाच्या पहिल्या शब्दांवरून अकारविल्हे सूची करतात. आपण त्याला इंडेक्स म्हणतो. पण पहिलाच शब्द एखाद्या पोथीत बदललेला असला तर इंडेक्स फसतो. तिथे शेवटी माणसालाच सगळा श्लोक वाचून बघावा लागतो, की हा पाहुणा नवा आहे का जुनाच टोपी बदलून आलाय.

हे सगळं काम १९४८ मध्ये मुंबईला सिंघी जैन ग्रंथमालेत पुस्तक म्हणून प्रसिद्ध झालं. त्यातली मांडणी मला इतकी आवडली की तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. कोसंबींनी ८५२ श्लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटात २०० श्लोक, जे सर्वसाधारणपणे सगळ्या परंपरांमध्ये सापडतात. दुसऱ्यात १५२, जे काहींत सापडतात, काहींत नाहीत, म्हणजे संशयित. तिसऱ्यात ५००, कुठे एखाद्या पोथीत भटकत आलेले. तीन शतकं म्हणतो आपण, पण सगळ्यांना मान्य अशी निघाली दोनच! आणि त्या दोनशेबद्दलही ते भर्तृहरीचेच आहेत अशी सही त्यांनी दिली नाही. पुस्तकाच्या इंग्रजी नावातच भर्तृहरीच्या नावावर सांगितले जाणारे, असा सावध शब्द घातला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुशन्यूला एखादी वस्तू आधी सापडली की ती नवीन वस्तू गुपचूप टाकून देते. काय टाकलं, का टाकलं, काही सांगत नाही. कोसंबींनी काहीच गुपचूप टाकलं नाही. श्लोक एकदाच छापला, पण कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते खाली टीपांमध्ये दिलं. संशयित आणि भटके श्लोकही फेकले नाहीत, त्यांना वेगळ्या गटात बसवलं. उद्या कोणाला कसोटी बदलावीशी वाटली तर सगळा माल जागेवर आहे. यादी करणाऱ्याचा प्रामाणिकपणा म्हणजे हाच, असं मला वाटतं.

बरं, हा कवी त्यांना फार प्रिय होता म्हणून एवढी मेहनत, असंही नाही. भर्तृहरीच्या वैराग्यावर त्यांनी चांगला कडक निबंध लिहिला आहे. आणि तो १९४१ मध्ये कुठे आला माहीत आहे? फर्ग्युसन आणि विलिंग्डन कॉलेजच्या मॅगझिनमध्ये! तेव्हा कॉलेज मॅगझिनला हलकं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे त्यांनी आणखी एक सुभाषितसंग्रह संपादित केला. बंगालमधल्या जगद्दल विहारातल्या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने साधारण नऊशे वर्षांपूर्वी जमवलेला सुभाषितरत्नकोश. वा. वि. गोखले यांच्याबरोबर केलेलं हे पुस्तक १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत ४२ वा खंड म्हणून निघालं. त्याच मालेत ४१ वा खंड कोणता? धर्मानंदांनी हात लावलेला तो विशुद्धिमार्ग, १९५० चा. धर्मानंद १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले, त्यांना तो पाहता आला नाही. पण कपाटात बाप-लेक शेजारी उभे आहेत.

श्लोकांबरोबर नाण्यांचंही चालू होतं. तक्षशिलेला जुन्या, चांदीच्या, ठसे उमटवलेल्या नाण्यांचे साठे सापडले होते. आपल्याला दोन नाणी सारखी दिसतात, कारण ठसे सारखे. कोसंबींनी ठशांबरोबर वजन बघितलं. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं वजन कमी, आणि एकेका नाण्यातला फरकही वाढत जातो. ही कल्पना तपासायला त्यांनी आपल्या काळची चलनातली नाणीही वजन करून पाहिली. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. त्या आकड्यांवरून कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं, हे संख्याशास्त्राने लावता येतं हे त्यांनी १९४० पासून दाखवून दिलं. एकाच टांकसाळीतून एकाच दिवशी निघालेली दोन नाणी शंभर वर्षांनी सारखी राहत नाहीत. हा आपल्या मेट्रॉलॉजीच्या लॅबचाच विषय की नाही?

१९४५ मध्ये फर्ग्युसन सुटलं आणि कोसंबी होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. राहायचे पुण्यात, काम मुंबईत, आणि रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले ते मुद्दाम इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं बघायला. तेव्हा अशी यंत्रं जगात बोटांवर मोजण्याएवढी होती. टाटा संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक चालू झाला तो १९६० मध्ये.

सुट्टीच्या दिवशी ते काठी घेऊन पुण्याच्या आजूबाजूचे डोंगर पालथे घालायचे. म्हसोबा, तुकाई, बोल्हाई अशी गावची दैवतं, धनगरांच्या वाटा, दगडाची बारीक हत्यारं. राजांच्या सनावळ्यांपेक्षा माणसं काय पिकवत होती, कशाने पिकवत होती, कोणाला पुजत होती, हा त्यांचा इतिहास. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि इतिहास लिहायची रीतच बदलली. ते मार्क्सवादी होते आणि लपवत नव्हते. त्यांचं सगळं पटलं पाहिजे असं नाही, पण पुरावा कुठून आणला हे ते नेहमी दाखवतात.

आता चरित्रातला अवघड भाग. तो गाळला तर हे चरित्र गुळगुळीत होईल. रीमानचं गृहीतक हा गणितातला १८५९ पासूनचा न सुटलेला प्रश्न. मूळ संख्या कशा विखुरलेल्या आहेत, याच्याशी त्याचा संबंध. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, संख्याशास्त्राच्या वाटेने तो सोडवल्याचा दावा कोसंबींनी केला. निबंध छापला तोही भारतीय कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. नाण्यांच्या बाबतीत हजार वजनांची सरासरी पुरावा होऊ शकते. गणिताच्या सिद्धतेत एक पायरी जरी अधांतरी असली तरी सगळा जिना पडतो. मला वाटतं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कसोट्या तपासणाऱ्या माणसाने इथे एका विषयाची कसोटी दुसऱ्या विषयाला लावली. आजही ते गृहीतक तसंच, न सुटलेलं आहे.

त्यातच दुसरा वाद होता. अणुऊर्जेचा जोर असण्याच्या त्या काळात कोसंबी सांगत होते, की आपल्या देशाला सूर्य आहे, त्याच्यावर पैसा घाला. एप्रिल-मे मध्ये परभणीत राहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यायची गरज नाही! पण अणुऊर्जेचे प्रमुख भाभाच होते. १९६२ मध्ये टाटा संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. त्यानंतर १९६४ पासून ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडलेले होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले. वय ५८. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा नाण्यांवरचा लेख सायंटिफिक अमेरिकन मासिकात आला होता.

आता यादीकडे वळू. आपल्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जेनेटिक्स शिकणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला कोसंबी माहीत आहेत, पण ते गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायच्या सूत्राचे, १९४४ च्या कोसंबी मॅप फंक्शनचे. सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांना कारहुनेन-लोएव्ह माहीत असतं; त्या दोघांच्याही आधी, १९४३ मध्ये, कोसंबींनी ती कल्पना मांडली होती, म्हणून आता काही जण त्यांचंही नाव पुढे जोडतात. इतिहासवाल्यांचे कोसंबी वेगळे, संस्कृतवाल्यांचे वेगळे. चार डिपार्टमेंटच्या चार याद्या, प्रत्येकीत एक कोसंबी, आणि हा सगळा एकच माणूस आहे हे मैत्रिणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

उलट, नुसत्या आडनावाची कसोटी लावली तर धर्मानंद आणि दामोदर एक होऊन जातील. आणि अक्षरांची लावली तर एक माणूस हरवेल. कारण १९६० नंतर कोसंबींनी गणिताचे काही निबंध एस. डुक्रे या नावाने छापले. डुक्रे म्हणजे चक्क आपलं डुक्कर, फ्रेंच कोट घातलेलं! जगातली कुठलीही ईक्वल कसोटी डुक्रे आणि कोसंबी एक आहेत असं सांगणार नाही.

हे सगळं आपल्याला कशाला हवं? तर आमच्या विंगमधल्या एका मुलीची स्कॉलरशिप एका ऑफिसात सात महिने अडकली होती. आधारवर तिच्या नावात एक ए, मार्कमेमोवर दोन. यादी करणाऱ्या प्रोग्रामच्या मते त्या दोन वेगवेगळ्या मुली होत्या, आणि दोघींपैकी एकीचीही कागदपत्रं पूर्ण नव्हती. तिच्या वडिलांनी कापूस विकून फी भरली. त्या प्रोग्रामची कसोटी कोणीतरी लिहिली असणार. बहुतेक आपल्यासारख्याच एखाद्या इंजिनिअरने, घाईत, जी डिफॉल्ट होती तीच ठेवून. त्याला वाटलं असेल, एक ओळीचं तर काम आहे.

आपल्यातले निम्मे लोक पुढे याद्याच करणार आहेत. पेशंटच्या, शेतकऱ्यांच्या, पेन्शनवाल्यांच्या. आपल्या प्रत्येक यादीत कोणाचं तरी नाव गुपचूप गळणार आहे किंवा दोनदा येणार आहे. कोसंबींकडून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, यादी करायच्या आधी कसोटी लिहून काढायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. दोन, जे बाहेर ठेवलं ते फेकायचं नाही; संशयितांचा वेगळा गट करायचा आणि माणसाने तो बघायचा. लिस्पमध्ये पहिल्या गोष्टीला एक शब्द जास्त टाइप करावा लागतो. दुसरीसाठी आणखी एक यादी.

पुढच्या वेळी लायब्ररीत गेलात तर कोसंबी हे नाव एकाच कपाटात शोधू नका. इतिहासात बघा, गणितात बघा, संस्कृतमध्ये बघा. माणूस एकच आहे, पण कपाटं बरीच लागतात.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर शाखा, लेडीज हॉस्टेल